सहावी काचपट्टी

"समजा, गुन्हेगार मीच निघाले, तर तुम्ही माझ्या आईबाबांना सांगणार का?"

भिंगरीने दारातूनच हा प्रश्न फेकला आणि मग आपण काय बोललो ते कळून तिचे कान लाल झाले. प्रश्न तिचा नव्हताच. तो मैत्रिणींनी ठरवून दिला होता. त्या तिघी खाली, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानाशी उभ्या होत्या आणि जिना चढायच्या आधी त्यांनी बजावलं होतं, 'पहिलं वाक्य हेच. नाही बोललीस तर तू भित्री.' भिंगरी दहावीत होती. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानासुद्धा तिचा आवाज फुटत नसे. आता कुठे तो फुटला होता, आणि तिला पुन्हा भित्री व्हायचं नव्हतं.

टेबलामागच्या बाईंनी मान वर केली. गावभर त्यांना दुर्बीणबाई म्हणत. एक तर त्यांच्या चष्म्याच्या काचा भलत्या जाड होत्या, आणि दुसरं म्हणजे त्या काचांतून काही सुटत नसे. मात्र काचांच्या कडेला पाण्याचे पांढरे डाग सुकून बसले होते, ते त्यांना दिसत नसावेत.

"मी सांगणार नाही," दुर्बीणबाई म्हणाल्या. "तूच सांगशील. ये, बस. दप्तर खाली ठेव."

भिंगरी बसली. दप्तर मात्र तिने मांडीवरच घेतलं, झोपलेल्या बाळासारखं, दोन्ही हातांनी.

"काय हरवलंय तुझं?" खिडकीशी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं. हे भावोजी, म्हणजे दुर्बीणबाईंचे धाकटे दीर. नोकरी संपल्यापासून वहिनींच्या तपासात मदत करायचे. त्यांचं डोकं चालायचं, पण चालायचंच. धावायचं नाही.

"काही हरवलं नाही, काका. माझ्या ताईला सगळे खोटारडी म्हणतायत."

मग भिंगरीने एका दमात सगळं सांगितलं. ताई संशोधन करते. काचेच्या छोट्या पट्ट्यांवर ती कसलासा लेप चढवते. रंगाच्या कारखान्यातून आलेल्या निळ्याजांभळ्या पाण्यात पट्टी बुडवायची आणि उन्हात ठेवायचं. थोड्या वेळाने रंग नाहीसा, पाणी नितळ. दोन वर्षं हे चाललं होतं. काल, गुरुवारी सकाळी कापड रंगवायच्या कारखान्याच्या आवारात परीक्षक मंडळ आलं, सगळ्यांसमोर पट्ट्या पाण्यात सोडल्या, ऊन चांगलं कडक होतं. आणि पाणी निळंच राहिलं.

"मंडळ म्हणतं, आधीचे निकाल बनवलेले असणार. सोमवारी निर्णय आहे. तोपर्यंत कारण सापडलं नाही तर ताईचं नाव संस्थेतून काढून टाकतील. ती जेवत नाही, बाई. रात्री तिने सगळी पुस्तकं खोक्यात भरली."

"आणि तुला काय वाटतं, कुणी केलं?"

भिंगरीने दप्तर जरा घट्ट धरलं. "मला काही वाटत नाही."

"बरं," दुर्बीणबाई उठल्या. "भावोजी, चप्पल घाला."

*

भिंगरीच्या घराची पुढची खोली म्हणजे बाबांचं चष्म्याचं दुकान. भिंतीला आरसे, फळीवर चौकटी, मोरीशेजारी कामाचा ओटा. बाबा चष्मेवाले, म्हणजे नुसते व्यवसायाने नव्हे. घरात काच म्हटलं की त्यांचा हात थांबत नसे. खिडक्या, पेले, घड्याळ, शेजाऱ्यांच्या गाडीचा आरसा, काही त्यांच्या फडक्यातून सुटलं नव्हतं.

दुर्बीणबाई आत येऊन दोन शब्द बोलतात न बोलतात तोच त्यांच्या नाकावरचा चष्मा बाबांच्या हातात गेला.

"माफ करा हं, पण हे बघवत नाही. खारं पाणी सुकलंय. नुसतं पुसून नाही जायचं हे." त्यांनी ओट्यावरच्या बाटलीतलं काहीतरी फडक्यावर घेतलं, काचा गोल गोल चोळल्या, नळाखाली धरल्या, कोरड्या केल्या. खोलीत आंबूस वास पसरला.

"वहिनी, मला भूक लागली," भावोजी म्हणाले.

"तुम्हाला कशानेही लागते." दुर्बीणबाईंनी चष्मा घातला, इकडे तिकडे पाहिलं. "वा. खोलीत इतकी माणसं आहेत हे आत्ता कळलं."

बाबा हसले, पण हसू लगेच विरलं. "पोरीचं काहीतरी करा, बाई. ती अशी गप्प बसली की घर खायला उठतं."

"बुधवारी संध्याकाळी पट्ट्या घरी होत्या ना? तुम्ही होतात?"

"होतो की. तिची आई पाळीवर होती. थोरली लवकर झोपली, दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं म्हणून. धाकटीच्या मैत्रिणी दुपारभर दंगा करून गेल्या होत्या. मी आपली नेहमीची कामं केली."

"त्या पट्ट्यांचं काही बिघडेल असं तुमच्या हातून काही झालं का?"

"माझ्या हातून?" बाबांना खरंच नवल वाटलं. "मला त्यातलं काय कळतं? वाईट वाटतं, फार वाटतं. पण मी काय बिघडवणार?"

आतल्या खोलीत ताई खोक्यांच्या मधोमध बसली होती. तिने न बोलता लाकडी डबा पुढे केला. आत मऊ कापडाच्या सहा खाचा, आणि पाच काचपट्ट्या. काळसर करड्या, चकचकीत.

भावोजींनी एक कडेने उचलून तिच्यात बघून मिशी नीट केली.

"सहावी?" दुर्बीणबाईंनी विचारलं.

"कारखान्यात डबा उघडला तेव्हा पाचच होत्या. सहावी प्रयोगशाळेत राहिली असेल म्हटलं. तिथेही नाही सापडली. फुटली असेल कुठे." ताईचा आवाज सपाट होता. "त्याने काय फरक पडतो? पाच तर होत्या. पाचही चालल्या नाहीत."

दाराशी उभी असलेली भिंगरी पाणी आणायला म्हणून आत पळाली.

"डबा घेतलास तेव्हा काही वेगळं जाणवलं?"

ताईने आठवून पाहिलं. "टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होता. मीच ठेवला असेल. आतलं कापड किंचित ओलसर होतं, दवामुळे असेल. पट्ट्या जरा छान दिसत होत्या. पण अंधार होता आणि मी घाईत होते. मी कसलं बघतेय."

"आणि प्रयोग कसा केलास? पहिल्यापासून सांग."

"पट्ट्या पाण्यात सोडून आधी टाकी झाकून ठेवायची. अंधारात. तेव्हासुद्धा रंग थोडा उतरतो, कारण लेप काही रंग नुसता धरून ठेवतो. ते आमच्या कामात मोजायचं नसतं. धरण्याचं श्रेय तोडण्याला द्यायचं नाही. मग झाकण काढून उन्हात. शेजारी दुसरी टाकी, तेच पाणी, पट्टीशिवाय."

"ती कशाला?" भावोजींनी विचारलं.

"नुसतं ऊनसुद्धा थोडा रंग खातं, काका. ते वजा नको करायला?"

दुर्बीणबाईंनी मान डोलावली. "आणि गुरुवारी?"

"अंधारात रंग नेहमीइतकाच उतरला. उन्हात आणल्यावर तिथेच थांबला. त्याच दिवशी परत प्रयोगशाळेत जाऊन शुद्ध पाण्यात रंग कालवला, आमच्या दिव्याखाली पुन्हा केलं. तेच." ताईने डोळे मिटले. "मीच दोषी असेन, बाई. दोन वर्षं मी स्वतःलाच फसवत असेन. असं होतं म्हणे माणसाचं. हवं ते दिसायला लागतं."

*

शनिवारी सकाळी आई कारखान्यातच भेटली. ती रंगखात्याची पाळीप्रमुख होती. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखांच्या कडा कायमच्या निळ्या. मोठमोठ्या कढयांतून वाफ येत होती आणि जमिनीवरच्या पन्हाळीतून जांभळं पाणी वाहत होतं. आईने त्यांना आवाज कमी असलेल्या कोपऱ्यात नेलं आणि कुणी विचारायच्या आतच म्हणाली,

"मी केलंय ते."

भावोजींनी वहिनींकडे पाहिलं. भिंगरीच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली.

"टाकी मी भरली त्या दिवशी. तिने सांगितलं होतं, तिसऱ्या कढईचं पाणी घे. तिसरी रिकामी झाली होती, म्हणून चौथीचं घेतलं. बोलले नाही. आमच्या खात्यात ढिसाळपणा चालतो असं त्या पाहुण्यांसमोर दिसलं असतं." तिने निळी बोटं पदराला पुसली. पदर तसाच राहिला, बोटंही. "लेकीची दोन वर्षं मी माझ्या अब्रूपायी बुडवली. रोज सांगीन म्हणते, आणि रोज घरी जाऊन तिचं तोंड बघते आणि गिळते."

"आई," भिंगरी पुटपुटली.

"चौथ्या कढईत वेगळं काय होतं?"

"थोडी फिकट छटा. बाकी मालमसाला तोच."

"मग तुम्ही रात्री झोपा," दुर्बीणबाई म्हणाल्या. "तुमच्या लेकीने त्याच दिवशी प्रयोगशाळेतलं पाणी वापरून पुन्हा करून पाहिलं. तेही फसलं. तुमचं पाणी निर्दोष आहे."

आई वळली. कढईच्या वाफेत तोंड करून उभी राहिली, आणि वाफ डोळ्यांत गेल्यासारखी डोळे पुसत राहिली.

*

संस्थेतली प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, पांढरे ओटे, एक सारखं घुमणारं यंत्र. ताईचे मार्गदर्शक सर उंच, वाकलेले. त्यांनी खुर्च्या पुसून दिल्या आणि स्वतः उभेच राहिले.

"सोपं करून सांगा, सर," भावोजी म्हणाले. "मला कळलं तर सगळ्यांना कळेल."

"बघा. ग्राफीन म्हणजे कार्बनची चादर. एका अणूइतकी पातळ. तिच्यावर झिंक ऑक्साइडचे स्फटिक बसवलेले, इतके बारीक की केसाच्या रुंदीवर हजारो मावतील. काम स्फटिक करतात. त्यांच्यावर ऊन पडलं की आतला इलेक्ट्रॉन उडी मारतो. त्या उडीने जी खळबळ होते तीच पाण्यातल्या रंगाचे तुकडे करते. पण हा इलेक्ट्रॉन म्हणजे द्वाड पोर. उडी मारतं आणि लगेच जागेवर येऊन बसतं. काम अर्धवट. तिथे ग्राफीन येतं. ते पोराला कडेवर घेतं आणि लांब फिरवून आणतं. तेवढ्यात काम होऊन जातं."

"म्हणजे एकट्या ग्राफीनला जमणार नाही?"

"ते रंग धरून ठेवील. तोडणार नाही. कडेवर घ्यायला आधी पोर तर हवं."

भिंतीवर एक मोठा फोटो होता. काळ्या मखमलीवर सहा पट्ट्या मांडलेल्या.

"फोटो धुरकट आलाय," भावोजी म्हणाले.

"फोटो चांगला आहे. पट्ट्याच तशा दिसतात, ढगाळ. पाटीवर दूध सांडून सुकल्यासारख्या."

दुर्बीणबाईंनी फोटोजवळ जाऊन नाक टेकेपर्यंत पाहिलं. त्यांच्या स्वच्छ काचांवर पट्ट्यांचं प्रतिबिंब पडलं. "आधी कधी असं फसलं होतं का?"

"एकदा. गेल्या वर्षी कारखान्यातलं आम्ल असलेलं पाणी आलं होतं. आंबट पाण्यात पट्ट्या वाया गेल्या. तेव्हापासून पाणी आधी तपासूनच घेतो. गुरुवारीही तपासलं. व्यवस्थित होतं."

"मग मंडळासमोर तुम्ही तिच्या बाजूने का नाही उभे राहिलात?"

 सरांनी ओट्यावरचा नसलेला डाग बोटाने घासला.

"कारण मी तिचा एकही प्रयोग शेवटपर्यंत पाहिलेला नाही. ती निकाल आणायची, मी सही करायचो. चांगली मुलगी आहे, चोख असणार, असं धरून चाललो. त्या दिवशी मंडळाने मला विचारलं, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय का? आणि मला हो म्हणता आलं नाही." ते थांबले. "दोष कुणाचा शोधताय, बाई? माझा आहे. लिहून घ्या."

भिंगरी खिडकीबाहेर बघत होती. खिडकीखाली सूचनाफलक होता. सुट्टीतल्या शिबिरासाठी निवडलेल्या शाळकरी मुलांची नावं तिथे लागली होती आणि त्यात तिचं नाव वरून दुसरं होतं. दोन आठवड्यांपूर्वी तिने ते बघून भर रस्त्यात गिरकी घेतली होती. भिंगरी नाव उगाच नव्हतं पडलं. आता तिला तो फलक तिथे नसता तर बरं, असं वाटलं.

रस्त्यावर आल्यावर भावोजी म्हणाले, "वहिनी, एवढ्या वर्षांत असला तपास नाही बघितला. नेहमी सगळे म्हणतात, मी नाही केलं. इथे जो तो म्हणतो, मीच केलं."

"सगळे नाही, भावोजी," दुर्बीणबाई म्हणाल्या. "एक जण नाही म्हणत."

भिंगरीने दप्तराचा पट्टा घट्ट धरला. तिला वाटलं, हे आपल्यालाच उद्देशून आहे.

*

रविवारी दुर्बीणबाईंनी सगळ्यांना भिंगरीच्या घराच्या गच्चीवर बोलावलं. सरसुद्धा आले. कठड्यावर तीन बरण्या ठेवल्या होत्या, तिन्हींत सारखंच निळं पाणी. ताईला भिंगरीनेच बळजबरीने आणलं होतं.

"तपास संपलाय," दुर्बीणबाई म्हणाल्या. "पण बोलण्याआधी मला एक वस्तू हवी. भिंगरी, पहिल्या दिवसापासून जे दप्तर तू हातचं सोडत नाहीस, त्यात जे ठेवलंयस ते दे."

 तिने दप्तर उघडलं, शाळेचा पांढरा मोजा बाहेर काढला आणि मोज्यातून एक काचपट्टी. ढगाळ. पाटीवर दूध सांडून सुकल्यासारखी.

ताई झटकन पुढे आली. "ही तुझ्याकडे?"

"बुधवारी मैत्रिणी आल्या होत्या," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज गेल्या वर्षीसारखा बारीक झाला होता. "म्हणाल्या, तुझ्या ताईची जादूची काच दाखव. मी काढली. आम्ही ती उन्हात धरली, पेल्यात बुडवली, खूप वेळ खेळलो. संध्याकाळी परत ठेवायला गेले तर डबा टेबलावर नव्हताच. मग सकाळी तू निघून गेलीस. मग ते सगळं झालं. मला वाटलं, आम्ही उन्हात धरली म्हणून तिची शक्ती संपली आणि तिच्यामुळे बाकीच्यांचीही. मी पेपरात वाचलंय, एकाची लागण दुसऱ्याला होते."

"काचेला?" भावोजींनी विचारलं.

"मला काय माहीत."

"ताई," दुर्बीणबाई म्हणाल्या, "उन्हाने पट्टी संपते?"

"नाही. तेच तर सगळं आहे. ती स्वतः खर्च होत नाही, वापरली तरी तशीच राहते." ताईची नजर पट्टीवरून हलत नव्हती.

"मग लाव प्रयोग. तुझ्या पद्धतीने."

ताईचे हात सवयीने चालू लागले. एका बरणीत डब्यातली चकचकीत पट्टी, दुसरीत मोज्यातली ढगाळ. तिसरी तिने तशीच ठेवली, पट्टीशिवाय. तिघींवर काळं कापड टाकलं. बराच वेळ गेला. मग तिने कापड काढलं. पट्ट्या असलेल्या दोन्ही बरण्यांतला रंग थोडा उतरला होता, अगदी सारखा. ऊन बरण्यांवर पडलं.

"आता ऊन काम करतंय तोवर मी बोलते," दुर्बीणबाई म्हणाल्या. "पहिली गोष्ट. ताईने निकाल बनवले का? जी मुलगी पट्टीशिवायची तिसरी बरणी ठेवल्याशिवाय हात लावत नाही, जी म्हणते धरण्याचं श्रेय तोडण्याला द्यायचं नाही, ती आकडे बनवणार नाही. ते मी सोडून दिलं. दुसरी गोष्ट, पाणी. शुद्ध पाण्यातही फसलं, म्हणून आई सुटली. ऊन आणि दिवा, दोन्हींत फसलं, म्हणून उजेडाचा दोष नाही. राहिल्या पट्ट्या. पण पट्ट्यांचं काय बिघडलं? अंधारात त्यांनी नेहमीइतकाच रंग धरला. म्हणजे ग्राफीन जागेवर होतं. उन्हात काहीच झालं नाही. म्हणजे कडेवर घेणारी होती आणि पोरच नव्हतं. झिंक ऑक्साइड गेलं होतं, सर. पाचही पट्ट्यांवरून."

"कसं जाईल?" सर म्हणाले. "ते सहज निघत नाही. पाण्याने नाही, पुसून नाही. आम्लाशिवाय..." ते थांबले.

"भावोजींनी परवा एका पट्टीत मिशी नीट केली. फोटोतल्या पट्ट्या मात्र धुरकट आहेत. मधल्या काळात कुणीतरी त्या चकचकीत केल्या. कुणी? ओलसर कापड, हललेला डबा. ते बुधवारी संध्याकाळीच झालं आणि या घरातच झालं. मग मी माणसांकडे पाहिलं. आई म्हणाली, मी केलं. सर म्हणाले, माझा दोष. ताईने स्वतःलाच गुन्हेगार ठरवलं होतं, भिंगरीने तर दारातूनच. ज्यांना अपराधी वाटत होतं त्यांनी काही केलं नव्हतं. म्हणून मी अशा माणसाला शोधलं ज्याला अपराधी वाटत नाही. कारण त्याला वाटलं होतं, आपण चांगलंच काम केलंय."

त्यांनी स्वतःचा चष्मा काढला आणि उन्हात धरला. काचांवर एकही डाग नव्हता.

"खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग. पुसून जात नाहीत. एका बाटलीतल्या आंबूस पाण्याने मात्र विरघळून जातात. भावोजींना त्या वासाने भूक लागली. व्हिनेगर ना, बाबा?"

बाबा गच्चीच्या दाराशी उभे होते. त्यांच्या हातात फडकं होतं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"मळकट दिसत होत्या," ते म्हणाले. "एवढे मोठे लोक येणार. थोरली दमून झोपली होती. मी म्हटलं, काचा तरी लख्ख असाव्यात पोरीच्या." ते खाली बसले, जिन्याच्या पायरीवर. "मला वाटलं मळ आहे."

"तो मळ म्हणजेच तिची दोन वर्षं होती," भावोजी हळूच म्हणाले, आणि बोलल्यावर त्यांनाच कसंसं झालं.

 आई बाबांशेजारी जाऊन बसली. बाबांनी फडकं घडी घालून, पुन्हा घडी घालून, अगदी छोटं केलं होतं, कुठेतरी लपवून टाकायचं असल्यासारखं.

ताई त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिने नाकावरचा चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.

"पुसून द्या ना, बाबा. दोन दिवस रडून रडून काही दिसत नाहीये."

बाबांनी चष्मा घेतला. घडी केलेलं फडकं उलगडून ते काचा पुसू लागले.

"वहिनी," भावोजी कठड्याकडून म्हणाले. "इकडे बघा."

पट्टीशिवायच्या बरणीतलं पाणी निळं होतं, किंचित फिकं. चकचकीत पट्टीची बरणी अंधारातून आली तेव्हा होती जवळपास तशीच. आणि मोज्यातल्या पट्टीच्या बरणीतून पलीकडचा कठडा दिसत होता, कठड्यावरची मुंगी दिसत होती. पाणी नुसतं पाणी होतं.

सरांनी ती बरणी उचलून उन्हात धरली. खूप वेळ धरली. "पाहिलं," ते म्हणाले. "या वेळी मी शेवटपर्यंत पाहिलं. उद्या मंडळाला सांगेन." मग त्यांचा चेहरा उतरला. "पण ते विचारतील, ही सहावी पट्टी इतके दिवस होती कुठे? काल रात्री नवी बनवून आणली नाही कशावरून?"

भिंगरीने मान खाली घातली. संस्थेचा नियम तिला पाठ होता, शिबिराच्या पत्रकावर ठळक छापलेला. प्रयोगशाळेची कुठलीही वस्तू न विचारता घेणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेश नाही.

ताईला तो नियम तिच्याआधी आठवला असावा. "मी सांगेन, माझ्याच कप्प्यात राहिली होती. भिंगरीचं नाव घ्यायची गरज नाही, सर. शिबिराची तिला केवढी हौस आहे."

"सांग की," दुर्बीणबाई शांतपणे म्हणाल्या. "आजवर तुझ्यावर खोटं बोलल्याचा खोटा आळ होता. उद्यापासून खरा होईल."

गच्चीवर वारा सुटला. काळं कापड उडून भिंगरीच्या पायाशी आलं. तिने ते उचललं, नीट घडी केली, कठड्यावर ठेवलं. खालच्या रस्त्यावर तिच्या तिघी मैत्रिणी सायकली टेकवून वर बघत होत्या. या वेळी कुणी काही ठरवून दिलं नव्हतं.

ती जिन्याच्या पायरीसमोर जाऊन उभी राहिली, आईबाबांच्या अगदी पुढ्यात.

"आई, बाबा, उद्या मी शाळेत जाणार नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक झाला नाही. "ताईबरोबर मंडळापुढे जाणार आहे. पट्टी मीच चोरली आणि या मोज्यात ठेवली, हे मीच सांगणार. शिबिरातलं नाव मी स्वतः खोडून येईन. बाबा, तुम्हीही चला, बाटली घेऊन. आपण दोघांनी मिळून केलंय, दोघांनी मिळूनच सांगू."